'सूर्यकन्ये'वरचे प्रल्हादभाऊ

प्रल्हादभाऊ आमच्या शेजारी राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी माझा नळ बंद केला. मी मागच्या अंगणात दाढी करत होतो. गालाला साबण, समोर आरसा आणि खाली नळ सुरू. कुंपणाच्या बुटक्या भिंतीवरून एक दणकट, उन्हाने रापलेला हात आत आला, त्याने तोटी फिरवली आणि परत गेला. मग भिंतीवर एक डोकं दिसलं.

"होऊ द्या दाढी, मंग लावा," ते डोकं म्हणालं. "पानी कुठी पयून जाते का?"

मी तेव्हा यावलच्या कॉलेजात भूगोल शिकवत होतो. पाण्यावर दोन प्रकरणं दरवर्षी शिकवायचो, त्यामुळे राग जरा जास्तच आला. पण रागवायचं कोणावर? माणूस हसत होता आणि भिंतीवरून माझ्याकडे गरम चहाचा कप सरकवत होता. गल्लीतल्या प्रत्येक घराचा नळ त्यांनी महिनाभरात असाच कधी ना कधी बंद केला. काही बायका मुद्दाम नळ सोडून ठेवून ते येतात का ते बघायच्या. ते यायचे.

तीस वर्षं या माणसाने यॉटवर काढली होती. यॉट म्हणजे अतिश्रीमंत माणसाचं तरंगतं घर. वर्षातले थोडेच दिवस मालक त्यात राहणार, बाकीचे दिवस दहा-बारा माणसं ते पुसत बसणार. खानदेशातल्या माणसाने जन्म समुद्रावर काढावा ही गोष्टच आमच्याकडे पचायला जड. आमचा पाण्याशी संबंध म्हणजे केळीचं ठिबक आणि उन्हाळ्यातला टँकर. गल्लीने त्यांना पहिल्याच आठवड्यात 'कॅप्टन' करून टाकलं. ते दर वेळी न चुकता दुरुस्ती करायचे, "कॅप्टन नही भो, फर्स्ट मेट. कॅप्टनच्या खालचा." गल्लीला ही पायरी उतरून घेणं मान्य नव्हतं. कॅप्टन ते कॅप्टनच राहिले.

त्यांना परत गावाकडे आणलं ते ललितशेठनी. ललितशेठ जळगावचे डाळ मिलवाले. आजोबा राजस्थानातून आले, नातू खानदेशी बोलतो आणि भरीत खातो, अशातलं घर. शेठ कुठे तरी परदेशी फिरायला गेले, तिथे एका यॉटवर त्यांना वाढणारा माणूस "मिरची अजून देऊ का?" असं चक्क मराठीत म्हणाला. तो माणूस म्हणजे वाढप्यांच्या मदतीला आलेले प्रल्हादभाऊ. शेठना एवढा आनंद झाला, की तिथल्या तिथे त्यांनी ठरवलं, तापीवरच्या धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे भिंतीमागे साठलेल्या पाण्यात, अशीच एक बोट आणायची. जळगाव-धुळ्याच्या माणसाने आयुष्यात एकदा तरी राजासारखं पाण्यावर राहावं, अशी त्यांची भाषा. लोकांना वाटलं, शेठ हवापालट करून आलेत, खूळ उतरेल. उतरलं नाही. बोट केरळात बांधली, तुकड्यातुकड्यांनी ट्रेलरवरून आली आणि धरणाच्या काठावर जोडली गेली. दोन मजले, गारेगार खोल्या, लाकडी फरशी, पांढऱ्या गाद्या. तापी सूर्याची मुलगी म्हणून नाव ठेवलं 'सूर्यकन्या'.

पण पाणी काही शेठच्या मालकीचं नव्हतं. त्या फुगवट्यात मच्छीमार सोसायटीचा ठेका होता. काठावरची भोई मंडळी ट्रकच्या ट्यूबवर आणि थर्माकोलच्या फळ्यांवर बसून जाळी टाकायची. त्यांना वाटलं, आज एक बोट आली, उद्या पाच येतील, परवा काठाला कुंपण पडेल. वाटणं चूक नव्हतं. मग ठरलं असं, की एक हंगाम बोट चालवून बघायची आणि हंगामाच्या शेवटी सोसायटीने बैठक घेऊन सांगायचं, बोट राहील की जाईल. 'जाऊ द्या' म्हणाले तर शेठ बोट कोकणात विकणार होते. आणि प्रल्हादभाऊ पुन्हा समुद्रावर जाणार होते. परदेशातल्या त्यांच्या जुन्या कंपनीने जागा राखून ठेवली होती. इकडे दुसरं काम त्यांना येत नव्हतं.

सिंधूवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, हे मला एकदा वाळवण घालता घालता सांगितलं. उन्हात पापड पसरत त्या म्हणाल्या, "तीस वर्सं पाहुना येते नी जाते, सर. मले आता घरात मानूस पाहिजे." एवढं बोलून त्यांनी मला कावळे हाकलायला बसवलं. तेव्हापासून त्या बोटीकडे मी सोसायटीच्या नजरेने बघायचं सोडून वहिनींच्या नजरेने बघायला लागलो.

प्रल्हादभाऊंचं एक वाक्य होतं. बोटीवर कामाला लागलेल्या काठावरच्या पोरींना, शेठना, पाहुण्यांना, सगळ्यांना ते एकदा तरी ऐकावं लागायचं: "आपन येऊन गेलो हे पान्याले कयता कामा नही." पाण्याला आपली खूणही दिसू नये, हे नुसतं बोलणं नव्हतं. बोटीवर प्लास्टिकची बाटली चढत नसे. सांडपाणी आणि संडासाचं पाणी बोटीच्याच पोटातल्या टाकीत साठायचं आणि काठावर येऊन उपसलं जायचं. शेठ एकदा म्हणाले, "इतकी मोठी नदी आहे भाऊ, एवढ्याशाने काय होतं?" भाऊंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की शेठ स्वतःच टाकी उपसायच्या पाइपकडे बघायला लागले. छतावर सौर पॅनेल होतं, मोटर बॅटरीवर चालायची आणि तिचा आवाज येत नसे. या आवाज न येण्याचा भाऊंना भारी अभिमान. हिवाळ्यात परदेशी बदकं उतरायची, त्यांच्या जवळून बोट गेली तरी एकही बदक मान वर करत नसे. भाऊ मला कोपराने ढोसून दाखवायचे, "पाहा, पाहा, उठलं का एक तरी?"

चढताना चपला-बूट काढून काठावरच्या टोपलीत टाकायचे, हा दुसरा नियम. केळीच्या मळ्यात घड वाहतात तसली मोठी टोपली. ही म्हणे जगभरच्या यॉटवरची रीत, लाकडी फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणून. आमच्याकडे घरात शिरताना कोणी बूट घालून येत नाही, पण पैसे भरून आलेल्या माणसाला बूट काढायला सांगितलं की त्याचा अपमान होतो. शेठचे व्याही जळगावहून चकचकीत बूट घालून आले आणि टोपलीपाशी अडून बसले. म्हणाले, "मी काय देवळात आलोय?" भाऊ गुडघ्यावर बसले आणि व्याह्यांच्या बुटाची नाडी सोडायला लागले. व्याही एवढे ओशाळले, की घाईत त्यांनी स्वतःच बूट ओढून काढले, आणि मोज्यातून पायाचा अंगठा बाहेर आलेला सगळ्यांनी पाहिला. पुढच्या खेपेपासून भाऊंनी टोपलीशेजारी सुती मोज्यांचा गठ्ठा ठेवला. मोजा फाटलेला असो नसो, कोणी विचारत नसे. माणसाची लाज झाकायची त्यांची ही पद्धत मला फार आवडायची. आजही आवडते.

तिसरी गोष्ट सोमवारची. भाऊंनी शेठशी करार करतानाच कबूल करून घेतलं होतं, की सोमवारी बोट काठावरच्या गावांची. शेठ बरं म्हणाले होते. त्यांना वाटलं, वर्षातून एखादा सोमवार. भाऊंनी पहिल्याच आठवड्यापासून दर सोमवार धरला. मी एका सोमवारी गेलो होतो. भोईवाड्यातल्या बायका चढल्या होत्या, बरोबर वरणबट्टीचे डबे, वेण्या घातलेल्या पोरी आणि एक म्हातारी, जिची अख्खा दिवस एकच तक्रार होती, की एसीच्या खोलीत गोधडी मिळाली नाही. दोघी पांढऱ्या गादीवर बसून मेथी निवडत होत्या. भाऊ कडक इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशात, हातावर टॉवेल घेऊन प्रत्येकीसमोर वाकत होते, "मावशी, पानी साधं देऊ का माठातलं?" त्यातली एक, सोनाबाई, सोसायटीचे पुढारी दगडूआबा यांची बायको, हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "अरे भाऊ, मना नवरानी बी माले आसं कधी इचारं नही." मेथीची देठं गोळा करून भाऊंनी टाकीशेजारच्या डब्यात टाकली आणि पुन्हा वाकून पुढच्या मावशीकडे गेले.

मी त्यांना विचारलं, हे एवढं कशासाठी. त्यांनी जरा वेळ रेलिंग पुसलं. मग म्हणाले, की तिकडे एका बेटाजवळ त्यांची यॉट महिनोन् महिने नांगर टाकून उभी असायची. काठावरची कोळ्यांची घरं रोज समोर दिसायची. "त्यायची पोरं आमच्याकडे पाह्यची, आमी त्यायच्याकडे. तीस वर्सांत एक बी चढलं नही. मले लाज वाटे."  तो विषय त्यांनी परत कधी काढला नाही.

आता ज्या दिवशी सगळं बुडायची वेळ आली, त्याबद्दल सांगतो.

होळी होऊन गेली होती. ललितशेठच्या घरी नातू झाला होता, आणि कुसुमभाभींनी, म्हणजे शेठच्या पत्नीने, नवस बोलला होता: नातू झाला तर तापीमाईला साडी नेसवीन. ही आमच्याकडची जुनी रीत. हिरवीगार साडी, खण, नारळ, ओटी. भाऊंचा नियम होता, पाण्यात काही टाकायचं नाही. पण भाऊ स्वतः तापीच्या काठचे. त्यांच्या आईने त्यांना पुलावरून जाताना नदीला हात जोडायला शिकवलं होतं. ज्या माणसाने व्याह्यांचे बूट उतरवले, त्याला कुसुमभाभींना 'नाही' म्हणता आलं नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, "भाभी, साडी घडीची सोडा, हलक्या हाताने." मी बाजूलाच उभा होतो. त्यांच्या कपाळावर आठी होती.

बोटीवर जळगाव-धुळ्याची निवडक मंडळी होती. शेठचे नातेवाईक, काही अधिकारी, वरणगावहून आलेलं एक कुटुंब. पाण्याच्या मध्यावर बोट थांबली. वारा दक्षिणेचा, जोराचा. बोट सरकू नये म्हणून भाऊंनी मोटर हळू फिरती ठेवली होती. भटजी म्हणाले, घडी कशाला, नेसवायची तर उलगडून सोडा. भाभींनी साडी उलगडली. दोन सुनांनी पदर धरला. काठावरून पाहणाऱ्यालाही सुंदर वाटलं असेल, ती लांबच लांब हिरवी साडी पाण्यावर पसरत गेली. मग ती कुणी तरी ओढल्यासारखी बोटीखाली जायला लागली. भाभी हात जोडून म्हणाल्या, "माईने घेतली!"

घेतली होती बोटीखालच्या, मोटरच्या पंख्याने. मोटरचा आवाज येत नव्हता, म्हणून ती सुरू आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. एक गचका बसला, मोटर बंद पडली आणि वाऱ्याने बोट सरळ उत्तरेच्या काठाकडे लोटायला सुरुवात केली. तिकडे भोई लोकांची जाळी होती. बांबू दिसत होते, वर डबे तरंगत होते.

शेठ ओरडले, "भाऊ, नांगर टाका!"

भाऊ पुढच्या टोकाला उभे होते. नांगराची साखळी त्यांच्या पायाशी होती. ते खाली पाण्याकडे बघत होते.

"नही टाकत, शेठ."

"अहो, बोट काठाला आपटेल!"

"आपटू द्या. खाली जायी हायेत. नांगर टाकला तं बठ्ठी फाटतील."

त्यांनी लांब बांबू घेतला आणि बोटीचं तोंड जाळ्यांच्या कडेने वळवत राहिले. एकटे. त्यांचा पांढरा गणवेश घामाने पाठीला चिकटला होता. पाहुणे आरडाओरडा करत होते, भटजी खांबाला मिठी मारून उभे होते, मी भाऊंच्या मागे जाऊन दुसरा बांबू धरला, पण मला तो पेलला नाही. बोट जाळ्यांच्या शेवटच्या डब्याला चाटून गेली आणि काठाच्या गाळात करकरत शिरली. केरळातून आलेल्या त्या गुळगुळीत अंगावर दगडांनी लांब ओरखडा काढला. शेठनी डोळे मिटून घेतले.

गाळ मांडीएवढा. जळगावची निवडक मंडळी अनवाणी आणि वर खोल्या गारेगार. उतरायचं कसं? थोड्या वेळाने ट्यूबवरून माणसं यायला लागली. दगडूआबा पुढे. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. एकेका पाहुण्याला ट्यूबवर बसवून काठावर नेलं. व्याहीबुवा ट्यूबवर मांडी घालून बसले होते, डोळे मिटून, रामाचं नाव घेत. भाऊ मात्र चाकू तोंडात धरून बोटीखाली उतरले आणि साडी कापून काढायला लागले. वर यायचे, श्वास घ्यायचे, हातातला हिरवा तुकडा बोटीवर टाकायचे, पुन्हा खाली. एकही तुकडा त्यांनी पाण्यात सोडला नाही. दगडूआबा ट्यूबवर बसून ते बघत होते. काठावर सोनाबाई होती. ओल्या हिरव्या चिंध्यांचा ढीग बघून ती कुसुमभाभींना म्हणाली, "भाभी, माई काय नेसस पानीमा? काठवर आम्ही इतल्या बाया शेतस, एकलीले नेसाडी देती."

भाभींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग त्या एकदम हसायला लागल्या. त्यांना हसताना पाहून शेठनी डोळे उघडले.

त्या दिवसानंतर भाऊ बोलेनासे झाले. नळही बंद करायला येईनात. बायका नळ सोडून ठेवायच्या आणि वाट बघून स्वतःच बंद करायच्या. भाऊंना वाटत होतं, सगळं संपलं. शेठनी ओरखड्याबद्दल एक शब्द काढला नव्हता, पण सोसायटीतले काही जण म्हणायला लागले होते, आज बोट जाळ्यापाशी आली, उद्या जाळ्यावर येईल. परदेशातून फोन येत होते, येतोस की नाही ते कळव. सिंधूवहिनींनी कपाट आवरून भाऊंचे जाडे स्वेटर वर काढले. मी बघतोय हे पाहून म्हणाल्या, "ऊन दाखवी राह्यली, बाकी काही नही." मला खोटं ऐकल्याचं वाईट वाटलं नाही, त्यांना ते बोलावं लागलं याचं वाटलं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. माहेरवाशिणी परत गेल्या, झोके उतरले आणि सोसायटीची बैठक काठावरच्या देवळाच्या मंडपात बसली. भाऊंनी मला बरोबर नेलं, म्हणाले, "तुमी नुसते बसा, सर." मी नुसता बसलो. भाऊ मागे, खांबाला टेकून, हात गुडघ्यांभोवती बांधून.

तरुण मंडळी आधी बोलली. लाटांनी ट्यूब हलते. मासा बुजतो. आज साडी, उद्या काय? कुणी म्हणालं, सोमवारची बोट ही लाच आहे.  भाऊंचा चेहरा मला बघवत नव्हता. शेवटी दगडूआबा उठले. आबा मूळचे शिरपूरकडचे, अहिराणी बोलणारे, आणि फार कमी बोलणारे.

"त्या दिन त्याले नांगर टाकता येत व्हता," ते म्हणाले. "मालक वरडी राहिंता. टाका नही त्यानी. आमनी जाळी वाचाडी नि सोतानी बोट फोडी." मग म्हणाले, "माले आखो काई इचारनं नही."

मग बसले. मंडपात कोणी तरी खाकरलं. पाठीमागून सोनाबाई म्हणाली, साडीचं काय ते बी ठरवा. मग तेही ठरलं: ज्याला तापीमाईची ओटी भरायची, त्याने काठावर भरावी आणि साडी काठावरच्या एका बाईला नेसवावी, दर वेळी वेगळ्या. बोटीने जाळ्यांच्या बाजूला फिरकू नये. आणि बोट राहावी. हात वर झाले. मी मोजले नाहीत. सगळेच दिसत होते.

भाऊ उठले नाहीत. खांबाला टेकून तसेच बसून राहिले आणि तोंडाने नुसतं "हां, हां" म्हणत राहिले. दगडूआबांनी येऊन त्यांना हात देऊन उभं केलं.

फाट्यावर आम्ही यावलच्या एसटीची वाट बघत उभे होतो, तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढला आणि परदेशी लावला. इंग्रजीत, अगदी अदबीने म्हणाले, की आभारी आहे, पण मला घरीच काम मिळालंय. पलीकडचा काही तरी बोलला. भाऊ हसले आणि मराठीत म्हणाले, "नही भो, आता नही येत." त्याला काय कळलं देव जाणे. फोन खिशात ठेवला.

एसटीत खिडकीशी बसले आणि गाडी हलायच्या आत झोपले. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. घोरत होते. बोट पाण्यात असेपर्यंत हा माणूस डोळ्याला डोळा लावत नाही, हे मी हंगामभर बघत आलो होतो, त्यामुळे मी हललो नाही. दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना केळी, गाडी फटफटत चालली होती. सिंधूवहिनींचा फोन आला. मी हळू आवाजात सांगितलं, राहिली बोट. त्या म्हणाल्या, "त्यायले द्या ना फोन."

"झोपलेत, वहिनी. उठवू का?"

"नको नको. झोपू द्या." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "मी स्टँडवर येते घ्यायले."

पुढच्याच महिन्यात माझी बदली धुळ्याला झाली, आणि त्यानंतर त्यांची भेट झालेली नाही. त्यामुळे प्रल्हादभाऊ म्हटलं की मला यावलचा स्टँड आठवतो. गाडी थांबली, ते दचकून जागे झाले, आणि क्षणभर कुठल्या देशात आहोत ते त्यांना कळेना. खिडकीतून खाली पाहिलं तर सिंधूवहिनी उभ्या होत्या, नवं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन. भाऊ घाईघाईने उतरले. वहिनींनी सवयीने सामान घ्यायला हात पुढे केला. सामान नव्हतंच. भाऊंनी तो रिकामा हात धरला, आणि भर स्टँडवर, चार लोक बघत असताना, दोघं तसेच घरी चालत गेले.